प्रश्न तुमचे, घामही तुमचाच : शिमगा तोंडावर आलाय

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न मिळून एवढे आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, आणि त्यातले निम्मे 'पोट कमी व्हायला काय खाऊ' असेच आहेत (खाऊन पोट कमी करायची आपली जिद्द काही औरच). म्हणून सहाच निवडले. निवडताना एक गोष्ट जाणवली, आपलं कोकणातलं वर्षच मुळी धक्क्याधक्क्यानं चालतं. पावसात माणूस पडवीत बसून, मग गणपतीत एकदम रात्रभर फुगड्या, मग नाइट क्रिकेट, मग शिमग्यात पालखी, मग आषाढात चिखलात वाकून लावणी, आणि दर वेळी अंगाला कोणी आधी विचारतच नाही की बाबा तयार आहेस का. खालच्या बहुतेक तक्रारी तिथूनच आल्यात.

प्रश्न : वय ३४, गाव लांज्याजवळ, नोकरी रत्नागिरीत, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या नाइट टुर्नामेंट खेळतो. या सीझनला दोनदा मांडीची मागची नस खेचली, दोन्ही वेळा सुरुवातीलाच, दुसरा रन पळताना. वॉर्मअप करतो, म्हणजे पाय बाकड्यावर टाकून चांगला ओढून घेतो. तरी असं का होतं? आणि परत कधी खेळू?

भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझाच एकोणिसाव्या वर्षीचा पराक्रम आठवला. कबड्डीची मॅच होती, एसटीत दोन तास गुडघे छातीला लावून बसलेलो, उतरलो तो चहा मारून थेट मैदानात. चढाई ३० सेकंदांची असते, माझी दहाव्या सेकंदाला संपली. मागच्या मांडीवर कोणी चिऱ्याचा तुकडा फेकून मारल्यासारखं झालं, मी तर मागे वळून बघितलं पण कोण मारलं म्हणून. संध्याकाळी गावातल्या एका जाणत्या काकांनी गरम तेलानं ती मांडी अशी काही रगडली की दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत काळंनिळं. सहा आठवडे लंगडत होतो. तेव्हा पहिली गोष्ट, ताजी दुखापत असेल तर पहिले दोन-तीन दिवस रगडायचं नाही आणि गरम शेक पण नाही. काका कितीही मायेनं आले तरी नाही.

आता कारण. तुम्ही जिला नस म्हणताय ती नस नाहीच, तो स्नायू आहे, हॅमस्ट्रिंग. बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खालपर्यंत जातो. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो ना, तो जमिनीला लागायच्या जरा आधी या स्नायूला ब्रेक मारावा लागतो, म्हणजे एकीकडे ताणला जातोय आणि त्याच वेळी ताकद पण लावतोय. नेमका तिथंच तो फाटतो. क्रिकेटच्या नियमातल्या मापानं एका क्रीजपासून दुसरीपर्यंत १७.६८ मीटर अंतर आहे, दोन रन म्हणजे एवढं अंतर सुसाट जायचं, करकचून थांबायचं, वळायचं आणि परत सुसाट. हे सगळं कोणी करायचं, तर पाच दिवस ऑफिसच्या खुर्चीत आणि त्या रात्री नऊपासून बाउंड्रीबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत वडापाव खात बसलेल्या मांडीनं.

बाकड्यावर पाय टाकून ओढायचं म्हणजे वॉर्मअप नव्हे, ते स्ट्रेचिंग. थंड स्नायू एकाच जागी मिनिट मिनिट ताणून धरला की उलट त्याचा झटका थोडा वेळ कमी होतो. ते खेळ संपल्यावर करा, खुशाल करा. आधी पाहिजे हालचाल. वॉर्मअप या शब्दातच सगळं आलंय, स्नायू खरोखर गरम व्हायला पाहिजे, रक्त खेळायला पाहिजे, सांध्यात वंगण फिरायला पाहिजे. दहा मिनिटं लागतात. मैदानाला हळू दोन फेऱ्या, इतक्या हळू की गप्पा मारता याव्यात. मग बॅटचा आधार घेऊन एकेक पाय पुढेमागे झोपाळ्यासारखा दहा-बारा वेळा, मग आडवा. लांब पावलं टाकत गुडघा वाकवत चालायचं, ते लंज. गुडघे वर घेत पळणं, टाचा मागे मारत पळणं. खांदे गोल फिरवणं, बॉलिंग टाकत असाल तर जास्त. आणि शेवटी जे कोणीच करत नाही तेच सगळ्यात महत्त्वाचं, २० मीटरच्या तीन-चार धावा, पहिली निम्म्या जोरानं, मग पाऊण, शेवटची जवळजवळ पूर्ण. म्हणजे मॅचमधला दुसरा रन हा तुमच्या मांडीसाठी रात्रीचा पहिला सुसाट रन असता कामा नये, बस एवढंच.

पण याच्यात एक गोची आहे. हे सगळं नऊ वाजता केलंत आणि तुमची बॅटिंग आली साडेदहाला, तर सगळं पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं बसलात की अंग परत थंड. तेव्हा पुढचा नंबर तुमचा असेल तर खुर्चीतून उठा आणि साइटस्क्रीनच्या मागे जाऊन पाय झुलवा, दोन छोट्या धावा मारा. पोरं हसतील, हसू देत. फुटबॉलवाल्यांनी या गोष्टीवर रीतसर काम केलंय, 'फिफा ११ प्लस' म्हणून २००६ सालचा १५ व्यायामांचा, २० मिनिटांचा कार्यक्रम आहे, त्याला साधन काही लागत नाही. नॉर्वेतल्या मुलींच्या टीम्सवर त्याची मोठी चाचणी झाली, ती २००८ ला छापून आली, त्यात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या होत्या. मात्र तो कार्यक्रम त्या मुली सीझनभर नेमानं करत होत्या, फायनलच्या दिवशी नव्हे.

परत कधी खेळू म्हणालात. एकदा फाटलेली हॅमस्ट्रिंग परत फाटायची शक्यता सगळ्यात जास्त असते, तुमची दोनदा गेलीय, त्यामुळे 'आता दुखत नाही' एवढ्यावर जाऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण जोरात पळून, थांबून, वळून बघा, तिन्ही दिवस दुसऱ्या पायाइतकाच भरवसा वाटला तर उतरा. तोवर एक व्यायाम करा, त्याला नॉर्डिक म्हणतात. घोंगडीची घडी घालून त्यावर गुडघे टेकायचे, मागून कोणीतरी घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग ताठ ठेवून जेवढं हळू पुढे झुकता येईल तेवढं झुकायचं, तोल गेला की हातावर पडायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा, असे दोन सेट, आठवड्यातून दोन दिवस. जे नेमानं करतात त्यांच्यात या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. फक्त शुक्रवारी करू नका, कारण पुढचे दोन दिवस कमोडवर बसताना पण आई आठवते. आणि दुखापतीच्या वेळी 'फट्' असा आवाज आला असेल, काळंनिळं पडलं असेल, चालताच येत नसेल, तर मला लिहू नका, आधी फिजिओकडे जा.

प्रश्न : वय ५१, गुहागर तालुका. घरचं सगळं, शिवाय भाताची थोडी जमीन. कंबर दुखते, सकाळी अंगण झाडताना जास्त. मुलगा पुण्यात जिमला जातो, तो म्हणाला आई प्लँक कर (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरायचं), रोज शंभर पोटाचे व्यायाम कर. करते, पण पोट आहे तिथेच आणि कंबर वाढली दुखायची. लिहायला लाज वाटते पण खोकला आला किंवा जोरात हसले की थोडी लघवी होते. ते वयामुळेच ना?

ताई, लाज कसली, उलट शेवटची ओळ लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण सगळ्या पत्राची किल्ली तिथेच आहे.

कोअर कोअर म्हणतात ते म्हणजे पोटावरचे चौकोन नव्हेत. घट्ट झाकणाचा डबा डोळ्यासमोर आणा. वरचं झाकण म्हणजे श्वासाचा पडदा, पुढून आणि बाजूनं पोटाचे आतले स्नायू, मागून कण्याला धरून असलेले बारीक बारीक स्नायू, आणि डब्याचा तळ म्हणजे ओटीपोटाच्या खाली झोळीसारखा असलेला स्नायू, ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळंतपणं झाली, पाळी जायचं वय आलं की हा तळ सैल पडतो. मग खोकला आला की आतला दाब खाली जातो आणि थेंब गळतो. तुम्ही शंभर वेळा पोट मुडपताय म्हणजे शंभर वेळा तोच दाब देताय. वयामुळे होतं हे अर्धं खरं आहे, पण वयामुळे झालं म्हणून तसंच राहतं हे खोटं. लघवी मधेच थांबवताना जो स्नायू आवळतो तो ओळखून ठेवा (फक्त ओळखण्यापुरतं, रोज लघवी करताना करायचं नाही), आणि बसल्या बसल्या तो आवळून पाचपर्यंत मोजा, सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाजी चिरताना करा, मालिका बघताना करा, कोणाला कळत पण नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर बायकांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जायचं, ऑपरेशनच सांगतील असं काही नसतं.

आता अंगण. हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रात्री आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून माणूस सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. त्या फुगलेल्या गाद्यांवर उठल्या उठल्या वाकून ताण दिला की त्या कुरकुर करतात. आणि आपल्या बायका उठल्या उठल्या काय करतात, तर हातभर हिराचा खराटा घेऊन कमरेत दुमडून अख्खं अंगण झाडतात, वर सडा. तुम्ही एवढंच करा, खराट्याला कमरेएवढी काठी बांधून घ्या आणि झाडायचं काम चहापाणी, देवपूजा वगैरे झाल्यावर, उठल्यापासून तासाभरानं. सासूबाई काय म्हणतील ते मी मासिकात छापून दिलंय, दाखवा त्यांना.

वाकायचंच असेल तर खुब्यातून. भिंतीला पाठ करून वीतभर अंतरावर उभ्या राहा, गुडघे थोडे सैल, आणि पाठ न दुमडता बसायचा भाग मागे नेऊन भिंतीला टेकवा. ते वाकणं म्हणजे खुब्यातलं. पाठीला उभी काठी धरली तर डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले राहायला हवेत. रोज दहा वेळा. लावणीला अजून चार महिने आहेत, आत्तापासून केलंत तर आषाढात अंगाला ते आपोआप येईल, चिखलात उभं राहून शिकता येत नाही. आणि लावणीत पण दर अर्ध्या तासानं बांधावर उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकायचं, चार-पाच वेळा.

शंभर पोटाचे व्यायाम बंद. आजपासून. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जाते असं नसतं, चरबी सगळ्या अंगातून जाते आणि कुठून आधी जायचं ते ती आपल्याला विचारत नाही. पोट मोजायला टेप घ्या, आपल्या लोकांत बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की शुगर-बीपीची काळजी सुरू करायची. ते खाली आणायचं काम चालण्याचं आणि ताटाचं.

कोअरचं खरं काम कणा हलवायचं नाहीच, हातपाय कामात असताना कणा जागच्या जागी धरून ठेवायचं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल म्हणून कण्याचे अभ्यासक, त्यांनी आयुष्यभर हेच मोजलं. त्यांचं सांगणं असं की लांबलचक प्लँक धरण्यापेक्षा दहा-दहा सेकंद, पण नीट. मुलानं सांगितलेला प्लँक तुम्ही ४० सेकंद करत असाल आणि विसाव्या सेकंदाला कंबर खाटेसारखी झोळ खात असेल तर पुढचे वीस सेकंद कमरेवरच जातायत, दुखणारच.

तुम्ही असं करा. हात आणि गुडघे जमिनीवर टेकून घोडा व्हा, लहान मुलाला पाठीवर घेतो तसं. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, पाठीवर पाण्याची वाटी ठेवलीय असं समजून. दहा सेकंद, मोठ्यानं मोजा, मोजलं की श्वास कोंडत नाही. मग दुसरी बाजू. असं सहा वेळा, जरा थांबून चार वेळा, मग दोन वेळा. हाच हिशेब दुसऱ्या व्यायामाला, कुशीवर झोपून कोपर आणि गुडघ्यावर अंग उचलायचं. तिसरा उताणं झोपून, हातपाय छताकडे, मेलेल्या झुरळासारखं, आणि एक हात डोक्याकडे नि विरुद्ध बाजूचा पाय जमिनीकडे हळू न्यायचा, कंबर जमिनीवरून उचलली न जाता. इंग्रजीत पण याला असंच किड्याचं नाव आहे. दहा-बारा मिनिटांत तिन्ही होतात. आणि चौथा व्यायाम तुमच्या परसातच आहे, एका हातात अर्धी बादली पाणी, दुसरा हात मोकळा, आणि बादलीकडे न झुकता ताठ चालत पोफळींपर्यंत जायचं, येताना हात बदलायचा.

एक सांगून ठेवतो, पायात मुंग्या येऊन बधिर होत असेल, पावलातली ताकद गेलीय असं वाटलं, किंवा बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबाच गेला तर व्यायाम नाही, काढा नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

प्रश्न : वय २४, संगमेश्वर तालुका. दर शिमग्याला पालखी नाचवायला असतो. गेल्या वर्षी खांदा आणि मान दोन आठवडे धरून होती. या वर्षी काय करू?

मित्रा, आत्ता विचारलंस हेच अर्धं काम. तीन-चार आठवडे आहेत. आठवड्यातून तीन दिवस, तांदळाची दहा-पंधरा किलोची गोण एका खांद्यावर घेऊन खळ्यात पन्नास पावलं, मग दुसरा खांदा, दर आठवड्याला थोडं वाढव. बैठका घाल, कारण पालखी खांद्यानं नाचवतात असं वाटतं पण नाचवतात ती मांड्यांनी, मांड्या थकल्या की सगळा भार मानेवर येतो. दंडाच्या आणि मानेच्या मधला भाग धरला की तिथं एकानं मान वाकडी करून कडकन मोडून द्यायची पद्धत आहे ती बंद करा, अगदी बंद. नाचताना खांदा बदलायची खूण आधीच ठरवून ठेवा. फाल्गुनात आपल्याकडे हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून मिठाची पेज किंवा कोकमाचं सरबत मधे मधे. कोणी बरळायला लागला, लटपटला, अंग तापलं तर देवाचा संचार म्हणून बघत बसू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. बाटलीतल्या 'तीर्था'बद्दल मी काही बोलत नाही, तू सुज्ञ आहेस.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, वय ६६, दापोली. रोज सकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर अनवाणी तासभर चालतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. दोन महिन्यांपासून सकाळी पहिली चार पावलं टाकताना टाच ठणकते. वाळू मऊ असते, मग दुखायचं कारण काय?

गुरुजी, नमस्कार. मऊ आहे म्हणूनच. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल रुततं, त्याच वेगानं चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते, आणि ती पोटरी आणि तळव्यातून जाते. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो रात्रभर आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला की ठणकतो. त्यात किनारा उतरता, जाताना एक पाय कायम वर एक खाली.

चालायचं असेल तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. आता हे तुम्हाला मी काय सांगणार, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी त्यानंतर सहा तासांनी पावणेदहाच्या सुमाराला. अष्टमीला सकाळी सहालाच भरती, म्हणजे तेव्हा तुमच्या वाट्याला फक्त वरची भुसभुशीत वाळू आणि सुरूची मुळं. त्या दोन-चार दिवशी किनारा सोडा, रस्त्यानं बूट घालून चाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी छान ओहोटी मिळते. शुगर असेल तर अनवाणी कधीच नाही, शिंपला लागलेला कळत पण नाही.

टाचेला : अंथरुणातच पाऊल बोटांकडून मागे ओढून धरायचं, अर्धं मिनिट, तीनदा, मग उठायचं. घरात फरशीवर मऊ चप्पल. आणि दिवसाआड, ओट्याच्या पायरीवर पंचाची गुंडाळी बोटांखाली ठेवून, कठड्याला धरून, टाचा तीन मोजत वर, दोन थांबून, तीन मोजत खाली, बारा वेळा. दोन-तीन महिने जातात बरं, घाई नाही.

आणि एक माझ्याकडून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलंय त्यात पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम आहेत, नुसतं चालणं पुरत नाही. दात घासताना बेसिनच्या कडेला धरून एका पायावर उभं राहा, मग एक बोट ठेवा, मग नुसता हात जवळ. पावसात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना हेच उपयोगी पडतं.

प्रश्न : दादा, सीझन सुरू झालो की माका जेवूक पण टाइम गावणा नाय. तारकर्लीक आमचा होमस्टे. पहाटे पाचाक उठतंय, झोपूक बारा वाजतत. पावसात कायच काम नाय, वजन सात-आठ किलो वाढता. व्यायाम कधी करू? वय ४०.

भावा, तुझं पत्र वाचून आधी मलाच जांभई आली. तुला सीझनमध्ये व्यायामापेक्षा झोप हवीय. मोठ्या माणसाला सात तास लागतात, तू पाचावर चाललायस. रात्री पर्यटकांची जेवणं आटपेपर्यंत बारा वाजतात ते मान्य, मग पहाटेचा नाश्ता दुसऱ्या कोणावर टाकता येतो का बघ, दिवसाआड तरी, नाहीतर दुपारी चेकआउट आणि चेकइनच्या मधे दार लावून अर्धा तास आडवा हो. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद, चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, तू रात्री दहाला गल्ल्यावर बसून जो चहा घेतोस तो पहाटेपर्यंत तुझ्याबरोबर जागा असतो.

चालणं तुझं भरपूर होतंय, किचन ते रूम ते धक्का. कमी पडतेय ती ताकद. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशेब आहे, आणि पूर्वी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत असं म्हणायचे ती अट २०२० ला काढून टाकली. म्हणजे गॅसवर भात चढवलास की ओट्याला हात टेकून पंधरा जोर, गिऱ्हाइकाची बॅग माडीवर नेताना दोन्ही हातात सारखं वजन, पाण्याचे कॅन उचलताना खुब्यातून वाकणं (वरच्या गुहागरच्या ताईंचं उत्तर वाच), झालं. वेगळे कपडे घालून वेगळी वेळ काढायची वाट बघशील तर मे संपेल. आणि जेवण, दुपारी चारला गार झालेल्या थाळीवर तुटून पडणं आणि रात्री बाराला उरलेली सुरमई संपवणं, हे थांबव, अकराला पेज आणि एक अंडं, एवढं जरी पोटात गेलं तरी चारचा हल्ला निम्मा होईल.

खरी संधी तुला पावसात आहे. बोटी बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, माणसं नाहीत, पण ताट मात्र सीझनचंच राहतं, तिथून ते सात-आठ किलो येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाताचा एक वाडगा कमी कर आणि पडवीत सूर्यनमस्कार सुरू कर, पहिल्या दिवशी पाचच, आठवड्याला दोन वाढव. ऑक्टोबरात पाहुणे येतील तेव्हा तू त्यांच्यापेक्षा ताजा दिसायला हवास, नाहीतर फोटोत 'आधी आणि नंतर' उलटं दिसतं.

प्रश्न : वय १९, वजन ६० किलो, चिपळूण. जिममध्ये प्रोटीन पावडर घ्यायला सांगितलीय. घेऊ का?

पावडर विष नाही, दुधापासूनच करतात. पण आधी ताट मोज. तू वजनं उचलतोस तर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धर, म्हणजे दिवसाला ७० ते ९५ ग्रॅम. एका अंड्यात सहा, मोठा पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस, पन्नास ग्रॅम कुळथात अकराच्या आसपास, म्हणजे रोजची पिठी पातळ करून भातावर ओतण्यापेक्षा जरा दाट कर. डाळ, चणे, उसळ धरून बहुतेक हिशेब घरातच जुळतो. सुकटीवर भर देऊ नकोस, तिच्यात मीठ फार, आणि मीठ सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं. एवढं करूनही कमी पडलं तर पावडर घे, पण सीलबंद आणि बिलासकट. ते खुल्या पिशवीतून चमच्यानं मोजून देतायत ते कुठलं आहे ते त्यांनाही माहीत नाही, ते उद्याच परत दे.